एका घरघरीतले दोन दोष: अटारी ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’च्या दुरुस्तीचं प्रकरण

तक्रार अशी होती: गेम चालतो, चित्र स्वच्छ येतं, पण स्पीकरमधून सतत घरघर येते आणि खेळ रंगात आला की ती वाढते. यंत्र म्हणजे अटारीचं ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’, १९७९ सालचं, नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं, उभ्या कॅबिनेटमधलं. वायरिंग मूळचं, वीजपुरवठाही मूळचा. मालक सॅन होजेत राहणारा एक मराठी तरुण. अटारीचं तेव्हाचं ठाणं सनीव्हेलला, म्हणजे त्याच्या गॅरेजपासून शेजारच्याच गावात. एवढ्या वर्षांनंतरही यंत्र आपल्या जन्मगावाच्या आसपासच आहे, याचं मला कौतुक वाटलं आणि ते मूळ सुट्या भागांवरच चालू राहावं असंही वाटलं. पुढचे बरेच निर्णय त्या इच्छेतून आले.

त्याचं निदान तयारच होतं. “काका, थ्रस्ट अडकलाय. बटण सोडलं तरी इंजिन बंद होत नाही.” थ्रस्ट म्हणजे खेळातल्या यानाचं इंजिन. उपायही त्याने ठरवला होता: बोर्डावरचे झाडून सगळे कंडेन्सर बदलायचे. संच मागवून ठेवला होता. मी त्याला म्हटलं, “अरे, संच राहू दे. आधी हा आवाज कशाच्या मागे धावतोय ते बघू.”

नको असलेला आवाज नेहमी कशाच्या तरी तालावर चालतो. तो घरातल्या विजेच्या तालावर असेल, पडद्यावरच्या चित्राच्या तालावर असेल, व्हॉल्यूमच्या खुंटीबरोबर कमीजास्त होत असेल किंवा गेमच्या एखाद्या हुकमाबरोबर सुरू-बंद होत असेल. हा ताल सापडला की शोधायचा भाग बोर्डाच्या एका कोपऱ्यापुरता उरतो. तो न शोधता डाख द्यायला बसलं तर पंचेचाळीस वर्षं जुन्या बोर्डाचे तांब्याचे पट्टे उचलले जातात आणि एका दोषाचे तीन होतात.

या बोर्डात आवाज बनतो कसा

‘अ‍ॅस्टेरॉइड्स’मध्ये आवाजासाठी वेगळी चिप नाही. पुढच्या काळात अटारीने ‘मिसाइल कमांड’ आणि ‘सेंटिपीड’मध्ये पोकी नावाची चिप वापरली, पण इथे प्रत्येक आवाजाचं आपलं स्वतंत्र सर्किट आहे. छातीच्या ठोक्यांसारखा तो ‘धप्-धप्’, गोळीबार, उडती बशी, बशीची गोळी, स्फोट, थ्रस्ट आणि जादा जीव मिळाल्याची किणकिण. खेळाची कल्पना लाइल रेन्स यांची, प्रोग्रॅम एड लॉग यांचा आणि हार्डवेअर हॉवर्ड डेलमन यांचं. ६५०२ प्रोसेसर फक्त हुकूम देतो: हा आवाज सुरू, हा बंद. तो हुकूम लॅचमध्ये, म्हणजे हुकूम धरून ठेवणाऱ्या चिपमध्ये, साठतो (थ्रस्टचा एलएस२५९ नावाच्या लॅचमध्ये) आणि पुढचं सगळं काम रेझिस्टर, कंडेन्सर आणि सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपा, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प करतात.

स्फोट आणि थ्रस्ट या दोघांना कच्चा माल म्हणून खरखर लागते. ती दोन शिफ्ट रजिस्टरांना एक्सॉर गेटची उलटी जोड देऊन तयार होते. तिचं घड्याळ सुमारे १२ किलोहर्ट्झचं आहे आणि बोर्डाला वीज मिळत आहे तोवर ती खरखर आत चालूच असते. थ्रस्टसाठी तिच्यातला ९० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा तेवढा गाळून घेतात, म्हणून इंजिन घुमल्यासारखं ऐकू येतं.

मालकाचा गैरसमज कुठून आला ते यावरून कळतं. अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची, ती ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेली की १२० हर्ट्झची लहर उरते. ९० हर्ट्झचं घुमणं आणि १२० हर्ट्झची गुणगुण लहान स्पीकरवर कानाला जवळजवळ सारखीच लागतात. फरक एवढाच की थ्रस्टचा आवाज खडबडीत, लोटांसारखा असतो, कारण मुळात तो खरखरीतून गाळलेला आहे. विजेची गुणगुण सपाट, एकाच सुराची. कान तयार असला तर हा फरक ऐकू येतो, पण आपल्याला पुरावा हवा.

म्हणून पहिली तपासणी थ्रस्टचीच केली. लॉजिक प्रोब (सिग्नल वर आहे की खाली ते दाखवणारं हत्यार) एलएस२५९ च्या थ्रस्टच्या पायावर ठेवला. खेळ सुरू नसताना पाय स्वस्थ. खेळ सुरू करून थ्रस्टचं बटण दाबलं की पातळी बदलते, सोडलं की परत येते. म्हणजे हुकूम अडकलेला नाही. मग ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणारा स्कोप, लावून थ्रस्टच्या गाळणीच्या ऑप-अ‍ॅम्पचा आउटपुट पाहिला, तिथेही बटण सुटलं की सिग्नल जवळजवळ नाहीसा होत होता. थ्रस्टवरचा आळ इथेच संपला.

आवाजाचा पट

यानंतर हत्यार न उचलता फक्त ऐकलं. फोन स्पीकरजवळ ठेवून घरघर रेकॉर्ड केली आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटीमध्ये तिचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता सूर किती जोराचा याचा आलेख, पाहिला. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडे असावं असं माझं मत आहे. एक काळजी मात्र घ्यायची: खिडकीचा आकार, म्हणजे एका वेळी तपासायच्या नमुन्यांची संख्या, मोठा निवडायचा. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेकॉर्डिंगला ६५,५३६ चा आकार घेतला की दोन रेषांमधलं अंतर पाऊण हर्ट्झच्याही आत येतं. आकार लहान ठेवला असता तर या प्रकरणातला मुख्य धागा दिसलाच नसता.

कारण तिथे १२० वर एक शिखर होतं आणि त्याला चिकटून, १२३ वर, दुसरं. डावीकडे ६१.५ च्या आसपास आणखी एक. १२० आणि १२३ यांच्यात ३ चा फरक, म्हणजे सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ऐकताना घरघर अशी डुलल्यासारखी वाटत होती खरी, पण मालकाने ती यंत्राचीच लकब समजून सोडून दिली होती.

६१.५ हा आकडा कुठून आला? बोर्डावरचा क्रिस्टल १२.०९६ मेगाहर्ट्झचा. त्याला ४०९६ ने भागलं की जवळपास २९५३ हर्ट्झ, त्याला १२ ने भागलं की २४६. सेकंदाला इतक्या वेळा प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, जातो. अशा चार इंटरप्टला गेम एक चित्र नव्याने काढायला घेतो. २४६ भागिले ४ म्हणजे ६१.५. त्याची दुप्पट १२३.

घरघर एक नव्हतीच. एक आवाज भिंतीतल्या विजेतून येत होता आणि दुसरा चित्र काढण्याच्या क्रियेतून. दोघांचे सूर इतके जवळ की कानाने एकच समजावा. खेळ रंगात आला की आवाज वाढतो, ही तक्रारही इथे जागेवर बसली: पडद्यावर दगड वाढले, रेषा वाढल्या, दुसरा आवाज वाढला.

भारतात कुणी असा बोर्ड चालवत असेल तर आकडे बदलतील. तिथली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेक्टिफायरनंतरची लहर १०० वर येईल. चित्राचा आकडा मात्र क्रिस्टलवर ठरतो, तो १२३ च राहील. दोघांमध्ये २३ चं अंतर पडल्यामुळे तो डुलणारा आवाज ऐकू येणार नाही, पण दोन सूर कानालाही वेगळे कळतील. त्या अर्थाने निदान तिथे सोपं आहे.

आकड्यांवरून आणखी एक गोष्ट निघते. ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडला असता तर १२० ऐवजी ६० चं शिखर उंच दिसलं असतं. इथे ६० वर नाव घेण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ब्रिजकडे मी वळलो नाही.

दोघांना वेगळं करणं

अंदाज कागदावर बरोबर वाटला तरी यंत्राने तो कबूल करायला हवा. अटारीच्या त्या काळातल्या बोर्डांवर दुरुस्तीसाठी टेस्ट पॉइंट ठेवलेले असतात, त्यात एक वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर यंत्र आपोआप रिसेट करणारं सर्किट) बंद करायचा आणि एक रिसेटचा. वॉचडॉग बंद करून रिसेटचा बिंदू ग्राउंडला धरला की प्रोसेसर थांबतो आणि चित्र काढणारं व्हेक्टर जनरेटर रिकामं बसतं. मॉनिटर इलेक्ट्रोहोमचा जी०५. त्यात स्पॉट किलर असतो: विक्षेप, म्हणजे किरणाची पडद्यावरची हालचाल, थांबला की तो किरण विझवतो आणि लाल दिवा लावतो, नाहीतर पडद्याच्या मधोमध फॉस्फर, म्हणजे आतला उजळणारा थर, जळेल.

रिसेट धरल्याबरोबर लाल दिवा लागला, पडदा काळा झाला आणि डुलणं बंद पडलं. उरली ती सपाट, एकसुरी गुणगुण. रिसेट सोडला की डुलणं परत.

मग व्हॉल्यूम. खुंटी पूर्ण खाली केली तर चित्राबरोबरचा आवाज नाहीसा झाला, गुणगुण तेवढी राहिली. म्हणजे चित्राचा आवाज खुंटीच्या आधी मिसळतोय आणि गुणगुणीचा मोठा भाग खुंटीच्या पुढे, पॉवर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने येतोय. दोन वेगळे दोष, दोन वेगळ्या जागा.

पहिला दोष: निळा कंडेन्सर

हा भाग लवकर उरकला. कॅबिनेटच्या तळाशी ट्रान्सफॉर्मरच्या ठोकळ्याजवळ निळ्या वेष्टनाचा एक जाडजूड कंडेन्सर असतो, सुमारे २७,००० मायक्रोफॅरड, १५ व्होल्टचा. अमेरिकेतले दुरुस्ती करणारे त्याला ‘बिग ब्लू’ म्हणतात. तो १०.३ व्होल्टची कच्ची, म्हणजे अजून स्थिर न केलेली, ओळ सांभाळतो आणि त्या ओळीतून रेग्युलेटर/ऑडिओ बोर्ड ५ व्होल्ट बनवतो. स्पीकर चालवणारी टीडीए२००२ ही चिप त्याच बोर्डावर बसते.

या ओळीवर लहर किती असायला हवी ते आधी कागदावर काढलं. भार ४ अँपिअर धरला, दोन भरण्यांमधला वेळ ८.३ मिलिसेकंद, कंडेन्सर २७,००० मायक्रोफॅरड. गुणाकार-भागाकार केला की १.२ व्होल्ट येतात. स्कोपवर ३.४ दिसत होते. वरचं टोक १०.९ वर, दरी ७.५ वर. उलट हिशेब केला तर कंडेन्सरची क्षमता एक तृतीयांशाच्या आसपास उतरली होती.

दरी ७.५ वर असणं का वाईट? ५ व्होल्टचा रेग्युलेटर एलएम३०५ आणि त्याच्या मागे २एन३०५५ ट्रान्झिस्टर असा आहे. एलएम३०५ ला आत साडेआठ व्होल्ट तरी लागतात. दरी त्याखाली गेली की तेवढ्या क्षणापुरता रेग्युलेटर हात सोडतो आणि ५ व्होल्टच्या ओळीवर सेकंदाला १२० खळगे पडतात. स्कोपवर ते स्पष्ट दिसले, प्रत्येक सुमारे १५० मिलिव्होल्ट खोल. गेम अजून रिसेट होत नव्हता, पण त्या वाटेवर होता. म्हणजे ही गुणगुण ऐकायला त्रासदायक होतीच, शिवाय थोड्याच काळात यंत्र बंद पडणार याचीही ती खूण होती.

नवा कंडेन्सर त्याच क्षमतेचा, २५ व्होल्टचा घेतला. स्क्रू टर्मिनलचा, मूळ पट्ट्यात बसेल असा. जुना काढण्याआधी एका रेझिस्टरमधून रिकामा करून घेतला. १० व्होल्ट ऐकायला मामुली वाटतात, पण २७,००० मायक्रोफॅरडवर स्क्रूड्रायव्हर टेकला तर ठिणगी उडून धातू वितळतो. लहर १.१ व्होल्टवर आली, दरी ९.७ वर. ५ व्होल्टवरचे खळगे गेले आणि व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकर शांत झाला.

मालक खूश होता. “काका, झालं की!” पण खेळ सुरू केल्यावर दुसरा आवाज होताच, उलट सोबतीचा सूर गेल्यामुळे जास्त टोकदार वाटत होता.

दुसरा दोष: वाट चुकलेला प्रवाह

चित्राबरोबर बदलणारा आवाज ऐकला की बहुतेक जण गेमच्या बोर्डाकडे बघतात: डिजिटल भागाचा गोंगाट ऑडिओत शिरला असेल, तो गोंगाट गिळणारे डीकपलिंगचे कंडेन्सर गेले असतील. तो आडाखा वेडा नाही. पण ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ हा व्हेक्टर गेम आहे. साध्या टीव्हीसारखा इथे किरण ओळीओळीने फिरत नाही. बोर्डावरचे दोन डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपा) एक्स आणि वाय असे दोन व्होल्टेज देतात, मॉनिटर त्यांच्या प्रमाणात विक्षेपाच्या गुंडाळ्यांमधून प्रवाह सोडतो आणि किरण थेट रेषा आखतो. तेव्हा चित्राच्या तालावर चालणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, बोर्डातलं गणित आणि त्याची सौम्य हालचाल. दोन, मॉनिटरमधला अँपिअरांमध्ये मोजायचा प्रवाह. दुसरी कितीतरी बलवान.

दोघींतून एक निवडण्याचा सरळ मार्ग: वीज बंद करून मॉनिटरचा मोठा कनेक्टर उपसून ठेवला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आता बोर्ड पूर्वीसारखाच चित्र काढतोय, फक्त ते कुठे जात नाही. आंधळेपणाने नाणं टाकून खेळ सुरू केला. गोळ्या, ठोके, सगळं ऐकू येत होतं आणि घरघर जवळजवळ नाहीशी झाली होती.

‘जवळजवळ’ हा शब्द मी नोंदवहीत अधोरेखित केला. कान स्पीकरला लावला की अगदी बारीक भुणभुण शिल्लक होती. तिच्याकडे पुढे येतो.

मुख्य गोष्ट अशी की दोष मॉनिटरच्या प्रवाहाच्या वाटेत होता. जी०५ ला ट्रान्सफॉर्मरमधून मधल्या टॅपसह (गुंडाळीच्या मध्यातून काढलेल्या तारेसह) एसी मिळतो आणि त्यातून तो स्वतःचे अधिक-उणे व्होल्टेज बनवतो. गुंडाळ्यांमधून गेलेला प्रवाह त्या मधल्या टॅपच्या तारेने ट्रान्सफॉर्मरकडे परत जायला हवा. ती तार सुस्थितीत असेल तर गेमच्या बोर्डाला या प्रवाहाची वार्ताही लागत नाही. पण त्या तारेच्या जोडाचा अवरोध वाढला तर प्रवाहाचा काही भाग दुसरी वाट धरतो. अशी एक वाट उपलब्ध असतेच: एक्स-वाय सिग्नलसोबत मॉनिटरकडे आलेली ग्राउंडची तार. तिथून गेमचा बोर्ड, तिथून रेग्युलेटर/ऑडिओ बोर्ड, तिथून ट्रान्सफॉर्मर. पाण्याची मुख्य मोरी तुंबली की ते अंगणातून वाट काढतं, तसंच.

आणि ज्या ग्राउंडवरून हा पाहुणा प्रवाह जातो तेच ऑडिओ सिग्नलचं शून्य आहे. गेमच्या बोर्डाचं शून्य आणि ऑडिओ बोर्डाचं शून्य यांच्यात जो फरक पडेल तो सिग्नलमध्ये मिसळून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाणार आणि तिथे सुमारे दहापट होणार.

मोजताना एक अडचण येते आणि तिच्यामुळे बरेच जण फसतात. स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेली असते आणि कॅबिनेटही अर्थिंगला जोडलेलं असतं. आपण ग्राउंडमधला फरक मोजायला क्लिप एका ग्राउंडवर लावली की प्रवाहाला आणखी एक वाट मिळते आणि जे मोजायचं तेच बदलतं. म्हणून दोन्ही क्लिपा मोकळ्या ठेवल्या, एक प्रोब मॉनिटरच्या चासीच्या ग्राउंडवर, दुसरा ट्रान्सफॉर्मरच्या ठोकळ्यावरच्या ग्राउंडवर, आणि स्कोपला ‘ए वजा बी’ दाखवायला सांगितलं. मॉनिटर परत जोडला होता. त्या काचेच्या नळीच्या अ‍ॅनोडवर दहा हजारांहून जास्त व्होल्ट असतात, तेव्हा प्रोब वीज बंद असतानाच अडकवायचे आणि चालू असताना हात बाहेर ठेवायचे.

फरक २८० मिलिव्होल्ट टोकापासून टोकापर्यंत. लहरीचा आकार विजेसारखा गोल नव्हता. तुटक, पायऱ्यापायऱ्यांचा, चित्रागणिक बदलणारा. दगड फुटून चारी बाजूंना विखुरले की तो फुगे, पडदा रिकामा झाला की आक्रसे. गेमचा बोर्ड आणि ऑडिओ बोर्ड यांच्यात हाच आकार ४० मिलिव्होल्टचा होता. त्याचे दहापट केले की स्पीकरवर ४०० मिलिव्होल्ट, शांत खोलीत सहज ऐकू येतील इतके.

खात्री करायला एक जाड तार मॉनिटरच्या चासीपासून ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडपर्यंत तात्पुरती जोडली. आवाज गेला. तार काढली, आवाज आला.

इथे मोह होतो की तारच कायमची ठेवून द्यावी. मी ठेवली नाही. ही तार दोष झाकते. मधल्या टॅपचा जोड तसाच तापत राहतो आणि एक दिवस जळतो. शिवाय मूळ नकाशात नसलेली तार पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला भलतीकडे नेते. मधल्या टॅपची तार शोधत कनेक्टरपर्यंत गेलो. नायलॉनच्या घरात नळीसारखे गोल पिन, बाकीचे चकचकीत, हा एक तपकिरी, आणि त्याच्या भोवतीचं पांढरं नायलॉन पिवळं पडलेलं. मादी बाजूची नळी ढिली झाली होती, पिन हाताने हलत होता.

नर आणि मादी दोन्ही बाजूंचे पिन नवे टाकले. एकच बदलला तर जुन्याचा खडबडीतपणा नव्याला पोखरतो. पिन योग्य पक्कडीने दाबून बसवले, वरून डाख दिला नाही, कारण डाखामुळे तार कडक होते आणि हादऱ्याने नेमकी त्या टोकाला तुटते. त्याच कनेक्टरचे बाकीचे पिन तपासून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसले. मॉनिटर आणि ट्रान्सफॉर्मरमधला फरक १५ मिलिव्होल्टवर उतरला.

राहिलेली भुणभुण

मॉनिटर उपसलेला असतानाही जी बारीक भुणभुण होती, ती मॉनिटरच्या प्रवाहाची असू शकत नव्हती. ती बोर्डाच्या स्वतःच्या हालचालीची. मग ५ व्होल्ट दोन ठिकाणी मोजले: रेग्युलेटर बोर्डाच्या आउटपुटवर ५.३८, गेमच्या बोर्डावर ५.०२.

अटारीच्या या रेग्युलेटरला संवेदनाच्या वेगळ्या तारा असतात. तो स्वतःच्या दाराशी किती व्होल्ट आहेत हे बघत नाही, गेमच्या बोर्डावर किती पोचले ते बघतो, आणि कमी पडले तर इकडून जास्त ढकलतो. कल्पना उत्तम, पण एज कनेक्टर (बोर्डाची कड ज्यात बसते तो) गंजला की तीच त्रासाची होते. बोर्डावर ५ व्होल्ट बरोबर दिसतात म्हणून सगळं ठीक वाटतं आणि इकडे रेग्युलेटर तापत राहतो. संपर्क फार बिघडला की संवेदनाच्या वाटेतले आर२९ आणि आर३० हे रेझिस्टर करपतात. इथे ते शाबूत होते, फक्त आर३० चे रंगपट्टे किंचित मळले होते.

०.३६ व्होल्टचा फरक म्हणजे ५ व्होल्टचे आणि ग्राउंडचे संपर्क मिळून बराच अवरोध. बोर्डाचा प्रवाह चित्रागणिक थोडा हलतो, तो या अवरोधातून जाताना ग्राउंड हलवतो, आणि ती हालचाल ऑडिओत उतरते. एज कनेक्टरची बोर्डाकडची बोटं खोडरबराने नव्हे, आयसोप्रोपाइल आणि मऊ कापडाने पुसली. खोडरबर आणि पॉलिश पेपर वरचा मुलामा खरवडतात, मग काही महिन्यांत उघडं तांबं आधीपेक्षा जोरात काळं पडतं. कनेक्टरच्या आतले ग्राउंडचे आणि ५ व्होल्टचे स्प्रिंग संपर्क बसलेले होते, ते नवे टाकले.

आता रेग्युलेटरवर ५.१०, बोर्डावर ५.०३. भुणभुण गेली. दोन्ही बोर्डांच्या ग्राउंडमधला फरक ५ मिलिव्होल्टच्या आत.

जे बदललं नाही

मालकाचा कंडेन्सरचा संच बहुतेक तसाच परत गेला. गेमच्या बोर्डावरच्या एकाही भागाला डाख द्यावा लागला नाही. ऑडिओचे ऑप-अ‍ॅम्प, अ‍ॅनालॉग स्विच, लॅच, सगळं १९७९ चंच आहे. त्याने विचारलंही, “मग हे बाकीचे कधी जातील, ते आत्ताच बदललेले काय वाईट?” वाईट हे की ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’चे आवाज त्या रेझिस्टर-कंडेन्सरांच्या नेमक्या किमतींवर उभे आहेत. ठोक्याचा घुमार, स्फोटाचा उतार, गोळीची घसरगुंडी या सगळ्यांचा आकार तिथे ठरतो. ऑडिओच्या वाटेतला एखादा चुकीच्या किमतीचा बसला तर यंत्र बिघडत नाही, पण आवाज परका होतो आणि कारण शोधताना जीव मेटाकुटीला येतो. वीजपुरवठ्याच्या वाटेतले मोठे कंडेन्सर सतत लहरीचा मार खातात, त्यांचं म्हातारपण खरं असतं. सिग्नलच्या वाटेतले बहुतेक छोटे भाग निवांत असतात. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना करकरत होती, तिला संपर्क स्वच्छ करणारा फवारा पुरला.

एक गोष्ट मात्र जाणूनबुजून सोडली. व्हॉल्यूम पूर्ण चढवून कान स्पीकरला लावला तर फार बारीक सळसळ ऐकू येते. खरखरीचं ते शिफ्ट रजिस्टर कधीच थांबत नाही आणि जुन्या पद्धतीच्या या सर्किटमध्ये बंद दारातूनही थोडं झिरपतं. खेळणाऱ्याच्या अंतरावर ते ऐकू येत नाही. ते घालवायला बोर्डावर बदल करावे लागतील, आणि तसे बदल मला या यंत्रात नको होते.

शेवटी ५ व्होल्ट नेमके ठरवणारा प्रीसेट, म्हणजे रेग्युलेटरवरचा छोटा फिरवायचा रेझिस्टर, पुन्हा लावला. हे काम संपर्क नीट झाल्यानंतरच करायचं असतं, कारण आधी कुणीतरी तो गंजलेल्या कनेक्टरच्या भरपाईसाठी चढवून ठेवलेला असू शकतो. यंत्र दुपारभर चालू ठेवलं, गरम झाल्यावर सगळी मापं पुन्हा घेतली, ती हलली नव्हती. मालकाला दोन मापं दाखवून ठेवली आहेत: रेग्युलेटरच्या आउटपुटवरचे आणि बोर्डावरचे ५ व्होल्ट. त्यांच्यातला फरक ०.२ च्या वर गेला तर एज कनेक्टरचं अख्खं घर बदलायचं, आणि १०.३ च्या ओळीवरची लहर दीड व्होल्टच्या वर गेली तर कंडेन्सर पुन्हा मोजायचा.